पॅकेजमधले घारे डोळे

"लेन्स पॅकेजमदीच हाय न्हवं?"

परवा एका नवरीच्या आईनं विचारलं आणि माझं डोकं सटकलं. पार्लरच्या आरशाला मी जाड अक्षरातला कागद चिकटवला आहे : 'डोळ्यांत लेन्स लावली जाणार नाही. विचारू नये.' खुर्चीत बसलं की पहिला तोच दिसतो. बायका तो वाचतात आणि वाचून झाल्यावर विचारतात.

"न्हाय," मी म्हणाले.

"दुसरीकडं देत्यात की ओ मॅडम."

"मग दुसरीकडंच जावा."

ती उठली, लेकीचा दंड धरला आणि पायरी उतरली. लेक वळून वळून बघत होती. टपोरे काळेभोर डोळे होते तिचे. नुसतं काजळाचं बोट फिरवलं असतं तरी अख्खं कार्यालय बघत राहिलं असतं. पण आईला ते डोळे चालत नव्हते. ऐन लग्नसराईत दारी आलेलं गिऱ्हाईक परतवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं, हे मला कळत नाही असं नाही. वीस वर्षं हा धंदा करतेय मी, घराच्या पुढच्या खोलीत. गल्लीतल्या बायका म्हणतात, पार्लरवाली लई तापट झालीय. झालेय. का झालेय ते एकदा लिहूनच टाकते.

आमच्या भागात विणकरांची वस्ती. निम्म्या नवऱ्या घरात तेलुगू बोलणाऱ्या, निम्म्या मराठी. भाषा वेगळी, पण खूळ एकच. पोरगी खुर्चीत बसली की मागं उभी राहिलेली आई, काकू नाहीतर आत्या पहिलं वाक्य हेच बोलणार : "जरा सावळीच हाय, बघा काय करता येतंय का." पोरीच्या तोंडावर. ती पोरगी आरशात मान खाली घालते. सोलापूरचं ऊन खाऊन वाढलेली माणसं आपण, गोरं इथं कोण आहे? बोलणारी बाई स्वतः कोळशाच्या गोणीतून निघाल्यासारखी असते, पण लेक मात्र तिला लोण्याची हवी. मग आम्ही दोन रंग उजळ फाउंडेशन थापतो. तोंड गोरं होतं, मान काळी राहते, म्हणून मानेला थापतो. मान झाली की हात. एवढं सगळं पांढरं झाल्यावर म्हणतात, डोळे उठून दिसंनात. म्हणजे देवानं दिलेले काळे डोळे तेवढे राहिले होते, तेही खटकायला लागले.

मी हे सगळं निमूट करत होते. करत होते म्हणजे, त्यातच पैसे होते. मलाही हौस होती, खोटं कशाला बोलू? फोटोत घारे डोळे खरंच चमकायचे.

लेन्स मला कुणी दिली तर मेकअपचा माल घेऊन दर महिन्याला येणाऱ्या माणसानं. पापण्या, अंबाड्याची गंगावनं, टिकल्यांची पाकिटं, त्यातच एका पिशवीत लेन्सच्या डब्या. एक राखाडी, एक मधाच्या रंगाची, एक हिरवट. म्हणाला, "ताई, वर्षभर चालती. कितीबी जणींना लावा. पाण्यात ठिवली तरी काय होत न्हाय." डोळ्याच्या डॉक्टरकडं न जाता डोळ्यात घालायची वस्तू टिकल्यांच्या पिशवीतून विकणारा तो माणूस, आणि ती टिकल्यांसारखीच विकत घेणारी मी. कुणाला जास्त शिव्या द्याव्यात हे मला आजही ठरवता येत नाही.

आमच्या धंद्यात नवरीचे दागिने भाड्याचे असतात. हार, कंबरपट्टा, बाजूबंद, नथ. एका नवरीच्या अंगावरून उतरले की कापसानं पुसायचे, डब्यात घालायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसरीच्या अंगावर चढवायचे. लेन्सची डबी मी त्याच डब्यातल्या एका कप्प्यात ठेवली. नथीच्या शेजारी. नथ नाकात घालायची, लेन्स डोळ्यात, एवढाच मला फरक वाटायचा. एका नवरीच्या डोळ्यांतून निघाली की धुवायची, दुसरीच्या डोळ्यांत घालायची. नवरीला सांगायचं नाही. विचारलंच तर म्हणायचं, "तुमच्यासाटी नवीनच काढलीय."

आणि धुवायची कशानं? लेन्सचं म्हणून एक लिक्विड मिळतं. पहिली बाटली आणली, ती संपली, दुसरी आणायची राहून गेली. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. अंगणात निळी बॅरलं भरून ठेवायची आणि तेच पुरवायचं. बॅरलच्या तळाला गाळ असतो, अळ्या असतात, हे मला माहीत होतं. म्हणून मी शहाणी, बॅरलचं पाणी वापरत नव्हते. मी जारचं पाणी वापरायचे! प्यायला थंड जार यायचा, वीस लिटरचा. विकतचं पाणी म्हणजे शुद्ध, असं आम्ही सगळेच धरून चालतो. पाहुणा आला की अभिमानानं सांगतो, घ्या, जारचं हाय. त्यात चिमूटभर मीठ टाकायचे मी, एका व्हिडिओत बघून. आणि मनात म्हणायचे, दुसऱ्या पार्लरवाल्या असतील गलिच्छ, आपलं काम बघा कसं चोख.

एकदा एका नवरीच्या आईचा फोन आला होता. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. पोरीचे डोळे लालबुंद झालेत म्हणाली. मी फट्‌दिशी उत्तर दिलं, "होमाचा धूर गेला आसंल. लाजाहोमाला लई धूर होतो." तिलाही पटलं. सोलापुरात लग्न झालेल्या पोरीचे डोळे लाल दिसले तर धूर, नाहीतर माहेरच्या आठवणी. तिसरं कारण कुणी शोधतच नाही. ती पोरगी चार दिवसांत बरी झाली आणि मी ते विसरून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय?

आता माझ्या भाचीबद्दल सांगायला हवं.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण मंगळवेढ्याकडची, काळ्या रानात ज्वारी पिकवणारं घर. मला मूलबाळ नाही, नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. पोलीस भरतीची तयारी करायची म्हणून भाची माझ्याकडं राहायला आली आणि दोन वर्षं राहिली. पहाटे उठून मैदानावर जायची. आठशे मीटर पळायची, गोळा फेकायची, घामानं भिजून परत यायची आणि चार भाकरी शेंगाचटणीबरोबर उभ्याउभ्या संपवायची. पहिल्या वर्षी ग्राउंडमध्येच, म्हणजे मैदानी चाचणीतच गेली. दुसऱ्या वर्षी ग्राउंड निघालं, लेखीसुद्धा निघाली. यादीत नाव लागलं त्या दिवशी बहिणीनं गावात पेढे वाटले. राहिली होती फक्त मेडिकल, दिवाळीनंतर.

मेडिकलमध्ये डोळे बघतात. चष्मा चालत नाही, दोन्ही डोळ्यांनी लांबची अक्षरं स्वच्छ वाचता यायला हवीत, हे तिला तोंडपाठ होतं. ती पार्लरच्या दारात उभी राहायची, एका डोळ्यावर हात धरायची आणि समोरच्या रांगेतल्या दुकानांच्या पाट्यांवरची सगळ्यात बारीक अक्षरं वाचून दाखवायची. मग दुसऱ्या डोळ्यावर हात. मी हसायचे. "तू आता पाट्याच पाठ केल्यास," म्हणायचे. ती म्हणायची, "मावशी, आता हेच राह्यलंय. हे निघालं की मी नोकरीत."

त्या नवरात्राच्या आधी मला एक रील करायची होती. हल्ली घटस्थापनेच्या आधी सगळ्या पार्लरवाल्या देवीचा लूक करतात. कुणाला तरी देवी करायचं, मुकुट, मोठं कुंकू, हातात त्रिशूळ, आणि मोबाइलवर टाकायचं. त्यातून लग्नांची कामं येतात. मला मॉडेल हवी होती आणि घरात भाची होती. उंच, खांदे रुंद, नाक सरळ. रंग काळासावळा. तिला मी खुर्चीत बसवलं.

ती हो म्हणाली ती माझ्यासाठी. तिला नटण्यामुरडण्याचं वेड नव्हतं, केस पण भरतीसाठी कापून घेतले होते. सगळं होईपर्यंत मुकाट बसली. लेन्सची डबी काढली तेव्हा मात्र तिनं माझा हात धरला.

"मावशी, ही कशाला?"

"डोळ्यात तेज दिसतंय. फोटो भारी येतो."

"माझं मेडिकल हाय. डोळ्याला काय व्हणार न्हाय न्हवं?"

"इतक्या नवऱ्या घालत्यात की. कुणाला काय झालं?"

तिनं हात सोडला. मी हिरवट लेन्स काढली, हातावर घेतली, जारच्या पाण्यानं खंगाळली आणि तिच्या डोळ्यांत घातली. आदल्याच आठवड्यात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी, ती एका नवरीच्या डोळ्यांत होती. भाचीनं ते बघितलं होतं. त्या नवरीचा मेकअप चालू असताना मला पिना काढून देत ती शेजारीच उभी होती.

आज आठवलं की अंगाची लाही होते. आमच्याकडच्या देवीची मूर्ती काळ्या पाषाणाची. काळी आहे म्हणून कुणी तिच्यापुढं नारळ फोडायचं थांबलं नाही कधी. तिचे डोळे हिरवे करायला निघाले होते मी. त्या देवीलासुद्धा पॅकेजमध्ये बसवलं मी, आणि कुणीही, एकाही बाईनं, एकाही भटजीनं विचारलं नाही की हिरव्या डोळ्यांची देवी तू बघितलीस कुठं? उलट रीलखाली हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. चार लग्नं मिळाली.

चार तास लेन्स तिच्या डोळ्यांत होती. काढताना ती म्हणाली, डावा डोळा चुरचुरतोय. मी तोच जार तिरका केला, ओंजळीनं पाणी मारलं डोळ्यावर. झालं, म्हटलं, गेलं.

तिसऱ्या दिवशी ती मैदानावरून अर्ध्यातच परत आली. उन्हाकडं बघवत नव्हतं. डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी. काचेचा तुकडा गेल्यागत ठणकतंय म्हणाली. आठशे मीटर पळताना पाय मुरगळला तरी तोंडातून आवाज न काढणारी पोरगी, ती भिंतीला डोकं टेकून कण्हत होती. मी औषधाच्या दुकानातून ड्रॉप आणले. दुकानदारानं डोळा न बघता दिले आणि मी चिठ्ठी न मागता घेतले. बहीण फोनवर म्हणाली, शेळीचं दूध घाल. तेवढं मी केलं नाही. तेवढी अक्कल होती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तरुण बाई होती, नुकताच दवाखाना टाकलेला. बाकावर आमच्या शेजारी कोण बसलं होतं, तर माझंच गिऱ्हाईक. देवीची रील बघून आलेल्या त्या चार लग्नांपैकी एका नवरीची आई, मोतीबिंदू दाखवायला आली होती. "अगंबाई, हीच न्हवं का ती देवी?" म्हणून तिनं भाचीच्या गालावरून हात फिरवला. मग आमचा नंबर लागला. केबिनला दार नव्हतं, पडदा होता.

डॉक्टरबाईंनी दिवा लावून डोळा तपासला आणि विचारायला सुरुवात केली. लेन्स कुठून घेतली? आधी कुणी वापरली होती का? कशात ठेवता? पाणी लागलं होतं का, नळाचं, विहिरीचं, कुठलंही? नीट आठवून सांगा, म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या.

मला पडद्याखालून बाकावरच्या त्या नवरीच्या आईच्या चपला दिसत होत्या.

"नवीन हुती," मी म्हणाले. "सीलबंद. लिक्विडमदीच ठिवलेली. पाण्याचा थेंब न्हाय लागला."

भाचीनं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरबाईंनी मी सांगितलं ते कागदावर लिहून घेतलं आणि त्याप्रमाणे औषध दिलं. त्यांचा यात काय दोष? माणूस जे सांगेल त्यावरच डॉक्टर चालणार. बाहेर पडताना मी त्या नवरीच्या आईला म्हणाले, "काय न्हाय ओ, कचरा गेलता डोळ्यात."

आठ दिवस ते औषध घातलं. दुखणं वाढतच गेलं. भाची डोक्यावर चादर घेऊन खोलीच्या कोपऱ्यात बसून राहायची, दाराची फट उघडली तरी ओरडायची. बाहेर नवरात्र चालू होतं आणि माझा फोन वाजत होता, रील बघून. मी फोन घेत होते. तारखा देत होते. आठवा दिवस उजाडला तेव्हा तिच्या डाव्या बुबुळावर पांढुरकं कडं दिसायला लागलं. डॉक्टरबाई घाबरल्या, त्यांनी चिठ्ठी देऊन आम्हाला मोठ्या, म्हाताऱ्या डॉक्टरांकडं पाठवलं.

त्यांनी भाचीला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "लेन्स आणि तिची डबी घेऊन या. जशी आहे तशी, न धुता." मी घरी आले, डबी पिशवीत घातली. वाटेत फेकून द्यावी असं मनात आलं होतं, हेही लिहिते. त्यांनी झाकण उघडलं, आत कापसाची काडी फिरवली. डबी आतून बुळबुळीत होती.

"हे लिक्विड नाही. कसलं पाणी आहे?"

"जारचं, सर. प्यायचं. चांगलं असतंय."

"प्यायला असेल चांगलं. डोळ्याला नाही. पाण्यात एक बारीक जीव असतो, तो लेन्सखाली अडकला की बुबुळ खातो. लेन्स किती जणींनी वापरली?"

मला आकडा सांगता आला नाही. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं. लिहिता लिहिता एवढंच म्हणाले, "याचं औषध वेगळं असतं. पहिल्या दिवशी हे सांगितलं असतं तर पहिल्या दिवसापासून तेच सुरू झालं असतं." आणि सांगितलं, की लेन्स वापरलेल्या सगळ्या मुलींना फोन करा, डोळे तपासून घ्यायला सांगा.

मी फोन केले. पण तिथंही खरं बोलले नाही. म्हणाले, ओळखीच्या डॉक्टरनं सांगितलंय, लग्नानंतर एकदा डोळे दाखवून घ्यायचे असतात. कुणाला काही झालेलं नव्हतं. नशीब त्यांचं, माझी काही त्यात करामत नाही.

भाचीला नवीन ड्रॉप सुरू झाले. पहिले काही दिवस तासातासाला, रात्रंदिवस. पुढं दोन तासांनी, पुढं चार वेळा. मी गजर लावून घालत होते. दुखणं हळूहळू ओसरलं, पण बुबुळावर डाग राहिला. दिवाळी आली, गेली. मेडिकलची तारीख आली. जाऊ नको म्हटलं तरी ती गेली, इस्त्री केलेला ड्रेस घालून, सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून. उजव्या डोळ्यानं तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. डाव्या डोळ्यानं तिला फळाच दिसला नाही, नुसता उजेड दिसला. तिथल्या माणसानं कागदावर शिक्का मारला आणि पुढच्या मुलीला हाक मारली. दोन वर्षांचं पळणं तिथं संपलं.

बहीण आली. दारातच बसली आणि शिव्या द्यायला लागली. लेन्स करणाऱ्या कंपनीला, माल विकणाऱ्या माणसाला, औषधाच्या दुकानदाराला आणि सगळ्यात जास्त त्या तरुण डॉक्टरबाईंना. "आठ दिस चुकीचं आवशीद घातलं त्या सटवीनं! माझ्या लेकीचा डोळा खाल्ला!" आणि मी काय केलं? मी तिच्याबरोबर शिव्या देत होते. तिच्यापेक्षा मोठ्यानं. गल्ली गोळा होईपर्यंत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या. आणि गंमत बघा, त्या वेळी मला खरंच राग आला होता. डॉक्टरबाईंचा, दुकानदाराचा, घाऱ्या डोळ्यांमागं लागलेल्या समस्त आयांचा. माझ्या रागात खोट नव्हती. फक्त ज्या एका बाईवर तो निघायला हवा होता, तिला मी मधे येऊ देत नव्हते.

मग बहिणीनं ठरवलं, डॉक्टरबाईंविरुद्ध तक्रार करायची. गावातल्या एका शिकलेल्या माणसाकडून अर्ज लिहून आणला. दोन पानी. चुकीचे औषध देऊन माझ्या मुलीचा डोळा घालवला, वगैरे वगैरे. सकाळच्या एसटीनं ती आली, अर्ज भाचीच्या हातात दिला आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला कोपऱ्यावर गेली. पार्लरमध्ये भाची आणि मी दोघीच होतो. भाचीनं अर्ज माझ्यापुढं ठेवला, वर पेन ठेवला.

"मावशी, साक्षीदार म्हणून तुजी सही पायजे. तू हुतीस न्हवं तितं."

मी पेन उचलला. खरं सांगते, उचलला. कागदावर त्या डॉक्टरबाईंचं नाव होतं, त्यांच्या दवाखान्याचा पत्ता होता. नुकताच उघडलेला दवाखाना. माझी एक सही, आणि त्यांचा धंदा बसला असता. माझा धंदा वाचावा म्हणून मी एक डोळा घालवला होता, आता तोच धंदा वाचवायला दुसऱ्या बाईचं पोट मारायचं होतं. मला माझाच इतका संताप आला की पेन मी भिंतीवर फेकून मारला.

"डाक्टरची चूक न्हाय," मी म्हणाले. "मी खोटं बोलले हुते. लेन्स नवीन नव्हती. जारच्या पाण्यात ठिवलीवती. त्यांनी दोनदा इच्यारलं आन्‌ मी दोनदा खोटं बोलले. भाईर गिऱ्हाईक बसलंवतं म्हणून. तवाच खरं बोलले असते तर..."

मी वाट बघत राहिले. तिनं ओरडावं, अर्ज माझ्या तोंडावर मारावा, थोबाडीत द्यावी. गोळा फेकणारा हात होता तिचा, मी गालही पुढं केला असता.

भाचीनं अर्जाची घडी घातली. आधी दोन पदरी, मग चार पदरी.

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "ती लेन्स त्या नवरीची हुती ते मी बगितलंवतं. तू जारचं पाणी घेतलंस ते बी बगितलं. मी तितंच बोलणार हुते डाक्टरला."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तू बोललीस न्हवं आदी. मला वाटलं, मावशी इतक्या वर्सांपास्नं ह्यात हाय, तिला म्हाईत आसंल. त्यानं काय फरक पडत न्हाय, म्हणूनच बोलत आसंल तसं." तिनं अर्जाच्या घडीवर नख फिरवलं. "फरक पडत असता तर तू सांगितलं असतंस की."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा मला ओळखता येतो, सगळा जन्म टोमणे मारण्यात आणि झेलण्यात गेलाय माझा. तिला त्या दिवशी केबिनमध्ये खरोखरच तसं वाटलं होतं, आणि कसं वाटलं ते ती मला सांगत होती.

बाहेर बहीण झेरॉक्स घेऊन पायरी चढत होती. भाचीनं घड्याळाकडं बघितलं, कपाटातून ड्रॉपची बाटली काढून माझ्या हातात दिली, खुर्चीत बसून मान मागं टाकली आणि डावा डोळा दोन बोटांनी उघडा धरला.